लिमिट कमी करून द्या

नाही हो, वाढवून नाही, कमी करून हवंय. बरोबर ऐकलंत तुम्ही. काउंटरवरची ती मुलगीसुद्धा अशीच बघायला लागली माझ्याकडे — मी कार्ड पुढे केलं, म्हटलं लिमिटचं काम आहे, तर तिनं पुढचं ऐकलंच नाही, सवय ना बिचारीला, खटाखट बटणं दाबली आणि म्हणाली, सर, तुम्हाला पाच लाखांचे आठ मिळतायत. मी म्हटलं, अहो, मला पाचावरून खाली यायचंय. तर म्हणाली, खाली? असं कोणी मागत नाही सर, आत विचारून येते. गेली केबिनमध्ये. आणि जाताजाता म्हणते, साहेब कारण विचारतील, काय सांगू? आता काय सांगायचं कारण? मी म्हटलं, वैयक्तिक आहे. पण परत आली की विचारणारच ती — म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला सांगून बघावं. तुमच्यापुढे धड वाटलं तर तिच्यापुढेही धड वाटेल. तुम्ही वाढवायलाच आला असाल, नाही का? असणारच, फाइल घेऊन आलाय.

जरा सरकता का — ही शिवण उसवलीय, बघा. नाही, मी नाही उसवली, मी फक्त बोट घातलं. सोफे शिवतो मी, दुकान आहे माझं, नवे बनवतो, जुन्यांची कापडं बदलतो. हा फोम दाबून बघा, दाबला की वर येत नाही, हलका माल आत आणि वरून रेक्झिन चकाचक. बँकेनं असं करावं? असो. माझी बोटं स्वस्थ बसत नाहीत, बायकोही ओरडते. तर कारण — एक कारण असं की कार्ड हरवलं, कोणा चोराच्या हाती लागलं, तर पाच लाखांचा खड्डा. तेच लिमिट पंचवीस हजार असलं तर फार फार तर पंचवीस हजार. कसं वाटतं? पटण्यासारखं आहे ना? — पटलं नाही वाटतं तुम्हाला.

वर कुठपर्यंत जातं हो हे लिमिट? माझ्या शेजारचा काचवाला म्हणतो, साधं कार्ड दहा लाखांपर्यंत नेतात, प्लंबर म्हणतो पंधरा, आणि अगदी वरच्या लोकांच्या कार्डाला म्हणे आकडाच नसतो. माझं पंचवीस हजारांवरून सुरू झालं. भाड्याचं दुकान, पगाराची चिठ्ठी नाही, कोण देणार जास्त? मग मी डोकं चालवलं. काचवाल्याला फ्रीज घ्यायचा होता, त्याला म्हटलं माझ्या कार्डावर घे, रोख मला दे. प्लंबरचा मोबाईल, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं वॉशिंग मशीन, सगळी गल्ली माझ्या कार्डावर. रोख घ्यायची, बिल तारखेच्या आधी भरून टाकायचं. बँकेला वाटलं, काय उलाढाल आहे या माणसाची, आणि काय शिस्त! पन्नास झाले, लाख झाले, तीन झाले, पाच झाले. दर वेळी मेसेज आला की मी दुकान सोडून रस्त्यावर येऊन वाचायचो, आत अंधार असतो म्हणून — नाही, खरं सांगू, कोणी विचारावं म्हणून. माझी पत म्हणजे काचवाल्याचा फ्रीज हो, दुसरं काय. पण आकडा माझ्या नावावर होता.

तुम्ही विचाराल, एवढं चढवून घेतलं ते कशाला? चढवलं ते — आमच्या साडूभाऊंमुळे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. साडू म्हणजे कसं असतं, दोघांनी एकाच सासऱ्याचं ऐकून घेतलेलं, त्यामुळे तसे एका नावेत, पण वल्ही कोण जोरात मारतो ते सासरचे काठावरून बघत असतात. हे औषधांच्या कंपनीत मोठे मॅनेजर, सोनेरी काठाचं कार्ड, हॉटेलात बिल आलं की आमचा हात खिशापर्यंत जायच्या आत यांचं कार्ड त्या थाळीत. सासूबाई म्हणायच्या, थोरल्या जावयाचं काळीज मोठं आहे. म्हणजे धाकट्याचं काय, ते आपण समजायचं. मग परवा, म्हणजे मध्यंतरी, सगळे जेवायला जमलो होतो, विषय मीच काढला, मीच. ते म्हणाले, तुझं किती झालं रे? मी म्हटलं, पाच. त्यांनी चमचा खाली ठेवला, म्हणाले, वा, माझ्या पुढे गेलास. मला इतका आनंद झाला ना — भात दोनदा घेतला मी.

आता त्यांची नोकरी गेलीय. त्यांनी सांगितलेलं नाही. मला सोफ्यावरून कळलं. आधी मला बोलावून म्हणाले, लेदरचा नवा कर. मी माप घेतलं, नमुने दाखवले. मग फोन आला, लेदर राहू दे, जुन्याचंच कापड बदल. मी कापड आणून ठेवलं. मग फोन आला, कापडही राहू दे, चालतंय तसं. आमच्या धंद्यात घरातलं दुखणं असंच कळतं, बोलून कोणी दाखवत नाही. मग मेव्हणीनं माझ्या बायकोजवळ तोंड उघडलं — कंपनीनं शाखाच बंद केली, बँकेनं कार्डाचं लिमिट खाली आणलं. आणि काल यांचा फोन. उद्या संध्याकाळी येतो, जरा काम आहे तुझ्याकडे, कार्ड चालू आहे ना तुझं?

कळलं ना आता? मला नाही म्हणता येत नाही हो, तोंडावर नाही म्हणता येत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते माझ्यासारख्यालाच. घरी बसून त्यांनी मागितलं तर मी कार्ड काढून देणार, आणि मग ते भरणार कुठून? मीच भरणार. म्हणून म्हटलं, बँकेनंच नाही म्हणावं. संध्याकाळी कार्ड दाखवायचं, मोबाईल दाखवायचा — बघा हो, काय करून ठेवलंय या लोकांनी, माझंही पंचवीस हजारांवर आणलं. साप मरावा आणि काठी मोडू नये. आणि खोटं तरी कुठं आहे त्यात, आकडा तर खराच असणार. — असे काय बघताय? बायको पण सकाळी असंच बघत होती. ती तर सरळ म्हणाली, गरज सरो, वैद्य मरो.

ती तसं म्हणाली ते — ती आजारी होती तेव्हाचं ते. अचानक पोटात दुखायला लागलं, ऑपरेशन म्हणाले, तासाभरात. खाली काउंटरवर म्हणे आधी डिपॉझिट भरा. मी माझं कार्ड दिलं, तेच, पंचवीस हजारांचं. त्यानं मशीनला लावलं. पीं. पुन्हा लावलं. पीं. मागे रांग. तो माणूस अगदी मऊ आवाजात म्हणाला, दुसरं कार्ड आहे का? तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला पुढे, कार्ड धरलेला. साडूभाऊ. कधी येऊन उभे राहिले होते मला माहीत नाही. म्हणाले, हे लावा. किती, ते विचारलंसुद्धा नाही त्यांनी. किती, एवढंही नाही. सही केली आणि मला म्हणाले, तू वर जा तिच्याजवळ, मी चहा घेऊन येतो.

पैसे फेडले मी. वर्षभरात पै न् पै फेडली, तसे कोणाचे ठेवत नाही मी. पण तो हात काही फिटेना. हॉटेलात त्यांचं कार्ड थाळीत पडलं की मला तो खांद्यावरून आलेला हात दिसायचा आणि ती पीं ऐकू यायची. म्हणून चढवलं हो लिमिट, गल्लीभर फ्रीज आणि मशिनी विकत घेत सुटलो — पुन्हा आपल्या खांद्यावरून कोणाचा हात यायला नको म्हणून. त्यांच्यावर राग होता माझा. ज्यानं बायको वाचवली त्याच्यावर. असं असतं का कुणाचं? नसेल. माझं होतं.

आली बघा ती बाहेर. हसतेय, म्हणजे झालं काम. — हो, हो मॅडम, मीच. कमी होईल ना? आत्ताच? — किती ठेवायचं? मी सांगितलं ना मघाशी, पंचवीस ह—

थांबा जरा. फोन वाजतोय. एक मिनिट, मॅडम, तुम्ही बसा तिथं, मी येतो. — बघा, त्यांचाच. संध्याकाळ व्हायची आहे अजून. — हां, साडूभाऊ, बोला. — नाही, दुकानात नाही, बाहेर आलोय जरा. — ऐका. काम काय ते नका सांगू आता. — किती, तेही नका सांगू. अहो, आहे, कार्ड चालू आहे. — तुम्ही या. चहा मी करतो.

आणि तुम्ही काय बघत बसलाय? ती मुलगी हात करतेय, जा, तुमचं काम करून घ्या. नाही, नाही, माझं काही नाही. माझं काम नव्हतंच इथं.