घारापुरीला दोघंच

त्या दिवशी पहाटे पनवेलच्या खाडीवर इतकं धुकं होतं, की दहा पावलांपुढचं दिसेना. आमचं लग्न नवीन होतं. भरल्या घरात बायकोशी धड बोलायलाही मिळायचं नाही, म्हणून घारापुरीच्या बेटावर दोघांनीच एक दिवस काढायचा, असं मी ठरवलं होतं. होडीवाल्यालाही गुपचूप सांगून ठेवलं होतं. राहिली आई. तिला आदल्या संध्याकाळी थाप मारली, "आये, मूल व्हावं म्हणून हिला तिथल्या महादेवाला नवस बोलायचाय. एकटी कशी जाईल? मी नेतो."

आई म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

सकाळी बायकोला घेऊन धक्क्यावर गेलो. होडीजवळ पोचलो आणि जागच्या जागी थिजलो. धुक्यात होडीत आई बसलेली, शेजारी आत्या, मागं आळीतल्या दहा-बारा बायका, प्रत्येकीच्या मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं! त्यांनी बायकोला हात धरून मध्ये बसवलं. ती पदरात तोंड लपवून हसत होती. मी होडीत पाय टाकणार, तोच शेजारची काशीकाकी ओरडली, "तू कुठं रं चढतंस? जागा नाय. नवस बायकांचा हाय, आमी नेतो तिला. तू घरी जा नि म्हशीचं दूध काढ!"