एका मताने

अंबरनाथच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहताना शलाकाच्या कानावर शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडलं.

“विष्णुपंत, सेक्रेटरीपद गेलं म्हणे तुमचं?”

“काल पक्षाच्या बैठकीत मतदान झालं, रघु. नगरपालिकेच्या निवडणुकीत युती नको, लाल झेंड्याखाली एकटेच लढू, असं माझं म्हणणं. एका मताने पडलो, मग पदही गेलं.”

“कोण फुटलं?”

“कुमुदिनी.”

“वहिनी? तुमच्याविरुद्ध?”

“एकटे लढलो तर डिपॉझिट जाईल, म्हणाली.”

“मग घरी काय बोललात?”

“काहीच नाही.”

“आता प्रचार?”

“करणार ना. पक्षाने ठरवलंय. उद्या एमआयडीसीच्या गेटवर मीच बोलणार.”

औषधं घेऊन एक वयस्क बाई आल्या.

“रघुभाऊ, यांना जेवायला सांगा. कालपासून दोघंही उपाशी आहोत.”

शलाकाने उठून त्यांना आपली जागा दिली.