सूनबाईनं बसवलेली फरशी

आमच्या सूनबाईचं ऐका राव. आळेफाट्यावरनं फरशीचे उरलेले तुकडे आणून तिनं मोरीत स्वतः फरशी बसवली. आमचं पोरगं, तिचा नवरा, म्हणालं, "पाणी साचलं तर सगळं उखडून गवंडी बोलवीन."

मला खोडी काढल्याबिगर कुठलं राहवतंय? गुपचूप मोरीच्या भोकात बोळा कोंबला, वर जाळी ठेवली आन् त्याच्यासमोर बादली ओतली. पाणी तुंबलं. पोरगं छिन्नी आणायला निघालं.

सूनबाई म्हणाली, "अहो, थांबा. सगळं पाणी जाळीपाशीच गोळा झालंय, म्हंजे उतार बरोबर हाय."

"मग जात का न्हाई?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "आबा, तुमची टोपी कुठंय?"

मी वाकून जाळी उचलली आन् भोकातली टोपी ओढली. पाणी सरसर गेलं. मला जागेवर पकडणारी आख्ख्या राजुरीत ही पहिलीच.