उद्या ओजसच्या जागी कोण?

आसावरी: तुमच्या त्या कोचनं माझ्या पोराचं डोकं पणाला लावलंय, काका. आणि त्याला ते पुरेपूर ठाऊक आहे.

जगन्नाथकाका: अगं, हळू. ओजस वर झोपलाय ना? आणि तो माझा कोच कधीपासून झाला?

आसावरी: दिवाळीला त्याच्या घरी चकल्या कोणी पोचवल्या? टीमसाठी पैसे जमवणाऱ्या त्या बूस्टर क्लबच्या मीटिंगला त्याच्या शेजारची खुर्ची कोण अडवतं? तुमचाच आहे तो. आणि ओजस झोपलाय म्हणता, तेच सांगतेय. प्रॅक्टिसहून आला, बॅग दारात टाकली, पडदे ओढले, आडवा झाला. सोळा वर्षांचा मुलगा, आल्या आल्या फ्रिज उघडला नाही.

जगन्नाथकाका: दमला असेल. उद्या प्लेऑफ आहे, बाई. हरलो तर सीझन तिथंच संपला. मनावर ताण येतोच.

आसावरी: गेल्या शुक्रवारपासून ताण आलाय का? समोरच्या टीमच्या त्या दांडग्यानं त्याला उचलून आपटला तेव्हापासून? मी स्टेडियमखालच्या स्टॉलवर वडे तळत होते. मला काही दिसलं नाही, नुसता आवाज आला. आणि मग स्टेडियम गप्प झालं. तुम्ही होतात वरती, दुर्बीण घेऊन.

जगन्नाथकाका: उठला की तो लगेच. टाळ्या पडल्या.

आसावरी: पडू देत. उद्या तो खेळणार नाही. दुसरा क्वार्टरबॅक शोधा.

जगन्नाथकाका: शोधा! कोथिंबिरीची जुडी आहे का ती, अर्विंगच्या दुकानात नाही मिळाली तर प्लॅनोच्या दुकानात बघू? अगं, क्वार्टरबॅक म्हणजे...

आसावरी: मला शिकवू नका. तीन सीझन त्या स्टॉलवर उभी आहे मी. बॉल पहिल्यांदा त्याच्या हातात येतो, फेकायचा का पळवायचा ते तो ठरवतो, आणि समोरचे सगळे रेडे त्याच्याच अंगावर धावतात. कळतं मला. कळतं म्हणूनच बोलतेय.

जगन्नाथकाका: बरं. मग तूच सांग. कोण?

आसावरी: ब्रेट. कोचचाच मुलगा आहे. बॅकअप म्हणून नाव त्याचंच लागलंय.

जगन्नाथकाका: नाव लागलंय, पण बॉल लागत नाही ना कुठं! वीस यार्डांपुढे गेला तर समोरच्या टीमच्या हातात जातो. त्यातून त्याचा खांदा.

आसावरी: खांदा बरा आहे. परवा दोन्ही हातांत वड्यांच्या प्लेटा घेऊन पायऱ्या चढला, चटणी सांडली नाही.

जगन्नाथकाका: हे घ्या! चटणीवरून क्वार्टरबॅक निवडायचा!

आसावरी: मग ट्रॅव्हिस घ्या. उंच आहे.

जगन्नाथकाका: विजेचा खांबसुद्धा उंच असतो. अंगावर कोणी आलं की ट्रॅव्हिस डोळे मिटतो. मी दुर्बिणीतून बघितलंय.

आसावरी: मिटू देत की. फेकायचंच कशाला मग? बॉल त्या रायनच्या पोटात कोंबा आणि रेटा पुढं. तीन यार्ड, चार यार्ड. रेटत राहा.

जगन्नाथकाका: रेटा म्हणे. उद्याच्या टीमची पुढची फळी बघितलीस का? एकेक पोरगा म्हणजे गॅरेजचं दार. पळणाऱ्याला ते जागेवर गाडतात. त्यांना हरवायचं तर वरूनच जायला हवं, आणि वरून जाणारा हात आपल्याकडे एकच आहे.

आसावरी: मार्कस.

जगन्नाथकाका: दहावीतला? तो बॉल पकडतो, फेकत नाही.

आसावरी: मिडल स्कूलला दोन वर्षं फेकायचा. त्याची आई स्टॉलवर माझ्या शेजारी असते, नाचोज विकते. तिनं सांगितलंय, परसात टायर टांगलाय, रोज त्याच्यातून बॉल काढतो.

जगन्नाथकाका: आईनं सांगितलंय! अगं, आयांच्या शिफारशीनं टीम काढली तर अकराच्या अकरा क्वार्टरबॅकच निघतील. टायर हलत नाही, बाई. टायरला पाडायला कोणी येत नाही.

आसावरी: हसू नका. मी एकाला नाही म्हटलं, तुम्ही तिघांना नाही म्हणालात. तुम्हाला बॅकअप नकोच आहे.

जगन्नाथकाका: नकोय. खरं सांगतो, नकोय. बहात्तर साली मी या टेक्सासात आलो. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसातली माणसं सोमवारी जे बोलायची ते कळावं म्हणून शिकलो. एकट्यानं जाऊन बसायचो स्टेडियममध्ये. शेजारची सीट रिकामी असायची, माणूस आला की एक सोडून बसायचा. आता? न्हावी पैसे घेत नाही माझे. म्हणतो, तुम्ही ओजसचे आजोबा ना?

आसावरी: तुम्ही सांगता त्याला, शेजारी आहे, आजोबा नाही म्हणून?

जगन्नाथकाका: नाही सांगत.

आसावरी: मला राग नाही त्याचा. तुम्ही त्याला बॉल धरायला शिकवलंत, राजीव आठवडाभर शिकागोत असतो तेव्हा तुम्ही त्याला प्रॅक्टिसला नेता. आजोबा म्हणा खुशाल. पण न्हाव्याच्या दुकानातल्या तुमच्या मानापायी माझं पोर नाही जाणार मैदानात.

जगन्नाथकाका: हे जरा लागेल असं बोललीस.

आसावरी: लागायलाच बोलले.

जगन्नाथकाका: अगं, पण मी का त्याचा वैरी आहे? मंगळवारी ट्रेनरनं तपासलं त्याला, डोक्याला मार लागलाय का ते. शाळेचा ट्रेनर आहे, सर्टिफिकेटवाला. महिना विचारला, स्कोअर विचारला, पाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. पाचच्या पाच आले. पास झालाय तो.

आसावरी: काल त्याला गॅरेजमधल्या फ्रिजमधून दुधाचा कॅन आणायला सांगितला. रिकाम्या हातानं आला. परत पाठवला. परत रिकाम्या हातानं आला, मलाच विचारतो, तू काही आणायला सांगितलं होतंस का. आणि याला पाच शब्द आठवले?

जगन्नाथकाका: कानात त्या वायरी घालून फिरतात ही पोरं. ऐकलंच नसेल.

आसावरी: ओजस! खाली ये रे.

जगन्नाथकाका: कशाला उठवतेस? झोपू दे.

आसावरी: ओजस!

ओजस: आलो, आई. ओरडू नको ना. काका, हाय. आई, तो लाइट ऑफ कर ना, प्लीज.

आसावरी: का?

ओजस: काही नाही. जस्ट ब्राइट आहे.

आसावरी: बस इथं. मंगळवारी ट्रेनरनं तुला कुठले शब्द सांगितले होते?

ओजस: लॅडर, बटन, रिव्हर, हॅमर, पीच.

आसावरी: परत म्हण.

ओजस: लॅडर, बटन, रिव्हर, हॅमर, पीच. व्हाय?

जगन्नाथकाका: बघ! दोन दिवस झाले, अजून खडाखडा येतात. अशी बुद्धी आहे पोराची. आता बंद कर हे.

आसावरी: दूध दोन मिनिटं डोक्यात राहिलं नाही आणि हे दोन दिवस राहिले. सूर लावून म्हणतोय, काका. पाढे म्हटल्यासारखे. कोणी पाठ करून घेतले तुझ्याकडून?

ओजस: काका, मी वर जाऊ?

आसावरी: ओजस, मी विचारतेय.

जगन्नाथकाका: मी. मी घेतले करून.

आसावरी: काय?

जगन्नाथकाका: यात कॉपी वगैरे काही नाही हं. तो ट्रेनर वर्षानुवर्षं तेच पाच शब्द विचारतो. गेल्या वर्षीच्या पोरांनीच सांगितलं. हा परीक्षेला घाबरतो, तुला माहीत आहे. चौथीत त्या स्पेलिंगच्या स्पर्धेला स्टेजवर रडला होता. म्हटलं, तयारी असलेली बरी. गाडीत म्हणून घेतलं, जाता येता. पावकी-निमकी पाठ केली तसं. आपण दुसरं काय करतो गं परीक्षेच्या आधी? तू नाही केलीस त्याच्याकडून गाइडची उत्तरं पाठ?

आसावरी: ती परीक्षा नव्हती, काका! ताप आलाय का बघायला थर्मामीटर लावतात, आणि तुम्ही तो फ्रिजमध्ये ठेवून आलात!

जगन्नाथकाका: आवाज खाली कर. मी तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे.

आसावरी: असाल. समोर माझे वडील असते तरी मी हेच बोलले असते, याच आवाजात. ओजस, इकडे बघ. मी पाच शब्द सांगते. जिरं, उलथनं, परात, कढीपत्ता, झारा. ऐकलेस?

ओजस: आई, कमॉन.

आसावरी: ऐकलेस का?

ओजस: हो.

आसावरी: आता सांग, उद्या मॅच कुणाशी आहे? बाबा कुठल्या फ्लाइटनं येतोय? तुझ्या लॉकरचा आकडा काय?

ओजस: मॅच... ते रेडवाले. बाबा रात्री येणार. लॉकर... चेंज झाला ना माझा लॉकर?

आसावरी: नाही झाला. ते पाच शब्द सांग.

ओजस: जिरं. परात. जिरं... आई, वेट. लॅडर. नो, नो. जिरं, परात...

जगन्नाथकाका: मराठी कच्चं आहे गं त्याचं. इंग्रजीत विचार.

आसावरी: कच्चं? बोबडा होता तेव्हापासून या ओट्याखाली बसून झारा वाजवलाय त्यानं. दात येताना उलथनं चावायचा.

ओजस: मला माहीत आहेत ते वर्ड्स. आय नो देम. मला झारा माहीत आहे. माहीत आहे ना मला, आई?

आसावरी: हो रे. माहीत आहे. ये इकडे.

ओजस: ते यायला पाहिजे होते. काका, मला खरंच नाही आले.

जगन्नाथकाका: असू दे, बाळा. असू दे.

ओजस: उद्या नाही खेळलो तर मार्कस घेईल माझी जागा. ही इज गुड. आई बरोबर सांगत होती, मी वरून ऐकलं. तो टायरमधून काढतो बॉल, मी बघितलंय. मग मला कोण परत देईल? मग मी परत तोच, स्पेलिंग बी वाला इंडियन मुलगा.

आसावरी: घेऊ दे त्याला जागा. तू इथं बस, माझ्यासमोर, आणि मला खरं सांग. डोकं दुखतंय?

ओजस: पूर्ण वेळ. कोच प्लेचं कार्ड दाखवतो ना, कुणी कुठं पळायचं ते, त्यातल्या लाइन्स हलतात. मी गेस करतो.

जगन्नाथकाका: मला का नाही सांगितलंस? गाडीत रोज माझ्या शेजारी बसतोस.

ओजस: तुम्ही इतके हॅपी होता, काका. आणि कोचला माहीत आहे. आय थॉट, त्याला माहीत आहे म्हणजे ओके असेल.

आसावरी: काय माहीत आहे कोचला?

ओजस: त्या दिवशी उठलो ना, मी त्यांच्या बेंचकडे चाललो होतो. रेडवाल्यांच्या नाही, ते उद्याचे. ग्रीनवाल्यांच्या. मला वाटलं ती आपली बेंच. कोच धावत आला, माझं हेल्मेट धरलं आणि मला टर्न केलं. म्हणाला, राँग वे, बडी. हसला. मग म्हणाला, गो.

आसावरी: पुढचा खेळ तू खेळलास?

ओजस: टचडाउन फेकला, सहा पॉइंट्स. मला आठवत नाही. व्हिडिओत बघितला.

आसावरी: काका, तुम्हाला दिसलं होतं हे?

जगन्नाथकाका: दुर्बिणीतून दिसलं. मला वाटलं, पाणी प्यायला निघालाय.

आसावरी: दुसऱ्या टीमचं पाणी?

जगन्नाथकाका: तसंच वाटून घेतलं मी. टचडाउन झाल्यावर उभा राहून नाचलो.

आसावरी: नंबर द्या त्याचा. घरचा.

जगन्नाथकाका: मी बोलतो त्याच्याशी. माझं ऐकतो तो. जरा समजुतीनं घेऊ, उद्यापुरतं...

आसावरी: उद्यापुरतं नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत. शाळेचा ट्रेनर नाही, खरा डॉक्टर, उद्या सकाळी, राजीव आणि मी दोघं नेणार. आणि बोलणार मी. माझ्या इंग्रजीला हसतात तिथं, हसू देत. नंबर.

जगन्नाथकाका: हा घे फोन. त्यात आहे. आणि शब्द मी पाठ करून घेतले ते सांग त्याला. माझं नाव घेऊन सांग. लपवू नकोस.

आसावरी: लपवणारच नव्हते. वाजतोय. ओजस, तू वर जाऊ नको. इथंच बस, दिवा मी बंद करते.

(फोनवर, इंग्रजीत)

आसावरी: हॅलो, कोच? ओजसची आई बोलतेय. नाही, वड्यांबद्दल नाही. ओजस उद्या खेळणार नाही. नाही, विचारत नाहीये, सांगतेय. हो, प्लेऑफ आहे हे ठाऊक आहे मला. ट्रेनरची टेस्ट त्यानं पाठ करून दिली होती, आमच्या घरच्या माणसानं करून घेतली, ती चूक आमची. उद्या तुमच्यासमोर येऊन परत कबूल करीन. त्याच्या जागी कोण, ते तुम्ही ठरवा. तुमचा ब्रेट आहे. खांदा दुखावला तेव्हा महिनाभर बसवला होतात तुम्ही त्याला, चांगलं केलंत. मार्कस आहे. मार्कसला फेकू द्या, माझं ऐका. पण मला एक सांगा. शुक्रवारी तो दुसऱ्यांच्या बेंचकडे चालला होता, तेव्हा हेल्मेट धरून त्याला तुम्हीच वळवलंत. त्या वेळी त्याच्या डोळ्यांत बघितलं होतंत तुम्ही? काय दिसलं होतं? नाही, टीमचं नंतर बोलू. नाही, मी फोन ठेवत नाही. जेवत असाल तर जेवा. मी थांबते. सांगा.