प्लॅस्टरची लाथ

(लुब्लिनमधल्या एका नाट्यगृहाचा कपडेपट. पहिल्या प्रयोगाला सात मिनिटं.)

सेवेरीन : बोगुमिलाबाई, ही कसली थट्टा? पायाला प्लॅस्टर? आजच?

बोगुमिला : हलू नकोस, बटण लावतेय. सुई टोचेल.

सेवेरीन : मग मला शकुनाची लाथ कोण घालणार? सत्तावीस वर्षं प्रत्येक पहिल्या प्रयोगाला तुमची लाथ खाऊनच स्टेजवर गेलोय मी!

बोगुमिला : कुणीही घालेल. तुला लाथ घालायला अख्खं नाट्यगृह तयार आहे.

सेवेरीन : दुसऱ्या कुणाची लागू पडत नाही मला. तुमच्या लाथेने सिनेमात तीनदा प्रेत झालो, मालिकेत पोस्टमन झालो...

बोगुमिला : "इथे सही करा." एवढंच वाक्य. तेही चुकलास.

सेवेरीन : बाकी जन्म कोपऱ्यात अकॉर्डियन वाजवण्यात गेला. आज बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा नायक झालोय, तर तुम्ही लंगड्या! पहिलं वाक्यसुद्धा आठवत नाहीये मला. पडलात तरी कुठे?

बोगुमिला : पडले नाही. काल घरी सराव करत होते.

सेवेरीन : कसला?

बोगुमिला : लाथेचा. म्हटलं, याची पहिली मोठी भूमिका, दणक्यात घालू. कपाटाला घातली. ओकचं कपाट ते, ढिम्म हललं नाही. अंगठा मोडला.

सेवेरीन : अहो बाई! बाई, थांबा... मेकअप ओघळतोय माझा...

बोगुमिला : हस, गाढवा, हस.

याग्ना (दारातून) : तीन मिनिटं! सेवेरीन, विंगेत! अगंबाई, हा रडतोय की हसतोय?

बोगुमिला : दोन्ही. याग्ना, धर मला. वाक रे तू. उद्यापासून मी निवृत्त, ही शेवटचीच.

सेवेरीन : त्या पायाने? दुखेल तुम्हाला!

बोगुमिला : डाव्या पायाने आयुष्यात कधी घातली नाही, आज नाही शिकणार. वाक म्हणते ना! घे!

सेवेरीन : आई गं!

बोगुमिला : आई गं!

याग्ना : आई गं, माझ्या पायावर पडलात दोघं!

सेवेरीन : आठवलं! पहिलं वाक्य आठवलं! बोगुमिलाबाई, आभा...

बोगुमिला : तोंड बंद! लाथेचे आभार मानले की नशीब पळतं. मागे एकदा मानलेस, तर पट्टा तुटून अकॉर्डियन थेट महापौरांच्या मांडीवर गेलं.

सेवेरीन : मग मानायचे तरी कधी? उद्या तुम्ही नसणार.

बोगुमिला : नाहीच मानायचे. थांब, सकाळचं प्लॅस्टर, अजून ओलंय. काळ्या पँटवर पांढरा ठसा उमटलाय बघ. वळ इकडे, ब्रश मारते.

सेवेरीन : राहू द्या, बाई. तो घेऊनच जातो.