बिस्किटांच्या डब्याचं झाकण

नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगनला दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोघी बहिणी बसल्या होत्या.

“मग, काय म्हणते तुझी ती लाइफ-कोच?”

“म्हणाली, हिल्के, डोळे मीट, दहा वर्षांनंतरच्या तुझ्या घरी जा आणि बेल वाजव.”

“वेळ न ठरवता? आपल्याकडे असं कुणी कुणाकडे जातं का?”

“मीही तेच विचारलं, ताई! पण त्या म्हातारीनं, म्हणजे मीच ती, हसत दार उघडलं. कॉफी दिली, बिस्किटांचा डबा पुढे केला.”

“एक दिलं आणि झाकण लावलं असेल. आपल्या आईसारखं.”

“नाही ना! डबा उघडाच ठेवला.”

“भलतंच! मला तर तू आजवर दुसरं बिस्कीट दिलं नाहीस.”

“म्हणून तर सांगतेय. रविवारी ये.”

“किती वाजता?”

“कधीही ये.”

“अगं, पण किती वाजता?”

“कधीही, ताई.”

“बरं बाई. मग बरोब्बर साडेदहाला, कधीही येते.”