मागच्या दारी ओतलेलं पाणी

दिनांक २८ जुलै २०२०, दुपारी दोन वाजता. नाव द्वारकाबाई महादेव ढोबळे. वय पासपोर्टावर अठ्ठ्याहत्तर. ते एजंटाने ठरवलं, मी हरकत घेतली नाही. धंदा घरकाम. मूळ राहणार सासवड; हल्ली मुक्काम नातवाकडे, टास्मानियाच्या डोंगरातल्या खाणगावात. लिहितावाचता येत नाही. जबाब समुद्रापलीकडच्या क्रेगीबर्नहून दुभाषी शैलाताईंनी फोनवर ऐकून मराठीत उतरवला.

पोलीस साहेबांसमक्ष हजर राहून सांगते की, माझा नातू हृषीकेश, वय एकतीस, इथल्या टंगस्टनच्या खाणीत पर्यावरण अधिकारी आहे. मी फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले. विमानं बंद झाली, राहिले. घरात आम्ही दोघंच.

खाण वरच्या तळ्याकडे वाढवायची आहे. तळ्याचं पाणी चांगलं निघालं तरच परवानगी. हृषीकेश दर आठवड्याला तिथल्या सहा बाटल्या भरून आणी. करोनामुळे तपासणीला नेणारं कुरिअर फक्त सोमवारी, म्हणून बाटल्या घरच्या फ्रीजमध्ये राहत. "आजी, ते पिऊ नकोस," एवढंच तो म्हणाला होता. मी प्यायले नाही. शिळं कोण पितं?

आमच्यात रात्रीचं पाणी सकाळी ओतून ताजं भरतात. मीही त्या बाटल्या रोज मागच्या दारी ओतून नळाखाली भरल्या. चार महिने.

चारही महिने रिपोर्ट चांगले आले. हृषीकेश म्हणे, "कागदावर पाणी क्लीन आहे, पण तळ्यावर एक बेडूक बोलत नाही." मी म्हटलं, "थंडीत तूही बोलत नाहीस. तुला कोण तपासतं?"

इथे जुलैत हिवाळा; पहाटे सगळं अंगण हिंवाने पांढरं होतं. मी ओतत होते तेवढी परातीएवढी जागा काळी राहते. तिथे गवत नाही, मुंगी नाही. शेजारचं मांजर तिथवर येतं, थांबतं, आणि वळसा घालून जातं.

गुरुवारी, तेवीस तारखेला, सकाळी साडेसातला त्याने मला बाटली ओतताना पाहिलं.

"आजी, हे काय करतेस?"

"रोज करते तेच."

तो रागावला नाही, हे लिहावं. चहा गाळलेला होता. "आल्यावर घेतो," म्हणाला आणि रिकाम्या बाटल्या घेऊन तळ्यावर गेला. कानटोपी खुंटीवरच राहिली.

शुक्रवारी त्याची जीप तळ्याकाठी मिळाली. पाच बाटल्या भरून, झाकणं लावून, ओळीत ठेवलेल्या होत्या. सहावी नाही. तो नाही. तळं गोठलेलं होतं. काठाशी परातीएवढं काळं पाणी तेवढं उघडं होतं, असं साहेब सांगतात.

गुरुवारपासून मी मागच्या दारी थेंब ओतलेला नाही. तरी ती जागा दाराकडे एक वीत सरकली आहे. मी हाताने मोजली.

खाणीचे लोक म्हणतात, हृषीकेशने रिपोर्ट खोटे केले. ते माझ्या हातून झालं. त्याला ठाऊक नव्हतं. त्या पाच बाटल्या साहेबांच्या टेबलावर आहेत. पाच दिवसांचं पाणी आहे. कुणी ओतू नये. तपासायला पाठवावं.

गुरुवारचा चहा ओट्यावर झाकून ठेवला आहे. तो शिळा झाला, ते मला कळतं.

शैलाताईंनी सगळं वाचून दाखवलं. चहाचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा बरोबर आहे.

डाव्या हाताचा अंगठा, सॅनिटायझर लावून.